विंडमिल पामचा मधला कोंब दर मार्चमध्ये हातात येतो? थंडीला दोष देण्याआधी पाणी कुठे साचतंय ते बघा

मार्च उजाडला की इकडे ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींचे फोटो यायला लागतात, सगळे एकाच प्रकारचे. बागेतला विंडमिल पाम, बाजूची पानं हिरवीगार, मधला सरळ वर आलेला न उघडलेला कोंब तेवढा तपकिरी, आणि पुढच्या फोटोत तोच कोंब अख्खा कुणाच्या तरी हातात. "ताई, जरासा ओढून बघितला तर सरळ निघूनच आला हो, झाड गेलं का?" बऱ्याच जणांकडे हे दुसऱ्यांदा नाहीतर तिसऱ्यांदा होतंय, म्हणजे मागच्या वर्षी झालं, उन्हाळ्यात झाड सावरलं, परत हिवाळा आला आणि परत तेच. फोनवर घाईत सांगितलं की लोक औषधाचं नाव तेवढं लक्षात ठेवतात आणि मूळ कारण तिथेच राहतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. कोंब हातात आला म्हणजे झाड गेलंच असं नाही, वेळेत हालचाल केली तर बरीच झाडं वाचतात. पण दर वर्षी हेच होत असेल तर तुमच्याकडे थंडी जास्त आहे हे कारण नाही, तुमच्या झाडाच्या डोक्यात आणि पायात हिवाळाभर पाणी थांबतंय हे कारण आहे. दिसतं मार्चमध्ये, लागतं डिसेंबर-जानेवारीत.

मी बोलतेय ते झाड म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, नर्सरीत चुसान पाम किंवा विंडमिल पाम म्हणून मिळतं ते. हातपंख्याच्या आकाराची पानं आणि खोडाभोवती तपकिरी काथ्या. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकामाच्या संस्थेने त्याला एच5 दर्जा दिलाय, म्हणजे उणे 10 ते उणे 15 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारं, आणि ते खरंही आहे, नीट रुजलेलं मोठं झाड तेवढं सोसतं. मूळचं चीनकडचं. रॉबर्ट फॉर्च्युन नावाचा स्कॉटिश माणूस चीनमध्ये झाडं गोळा करत फिरत होता, त्याला चुसान म्हणजे आताच्या झोउशान बेटावर हे पाम दिसले आणि 1849 मध्ये त्याने रोपं इंग्लंडला पाठवली, लंडनच्या क्यू वनस्पती बागेत आणि आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या घरी. तिकडचे शेतकरी याच काथ्याचे पावसात अंगावर घ्यायचे झगे बनवायचे, आपल्या इरल्याचंच काम. आणि याचा एक सख्खा भाऊ आपल्या देशात आहे हे फार जणांना माहीत नसतं, ट्रॅकिकार्पस ताकिल, कुमाऊंमध्ये पिथौरागढजवळ थल केदारच्या डोंगरात 2000 मीटरच्या वर रानात वाढतो, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं आणि तो त्या बर्फात उभा असतो.

आता विचार करा, बर्फात उभं राहणारं झाड आपल्या परसात उणे 4 ला का कुजतं? या दोन्ही मुलखांत पावसाचा जोर उन्हाळ्यात असतो आणि हिवाळा त्या मानाने कोरडा, वर डोंगरउतारावर पाणी थांबत नाही. ब्रिटनमध्ये बरोब्बर उलटं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाड सतत भिजलेलं, ऊन नाही, वाळायला वाव नाही, आणि त्या ओल्या अंगावर मधूनच एखादी रात्र उणे 5 ची येते.

ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना हे लगेच पटेल. आमच्याकडे गुहागरला थंडी ती कुठे असते, अंगावर चादर घेतली की संपली थंडी, आणि तरी माडाचा कोंब कुजतो, तो पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जेव्हा शेंडा चोवीस तास भिजलेला असतो. नारळाचा कोंब कुजण्याचा रोग तो हाच प्रकार, फायटॉप्थोरा नावाची बुरशी गाभ्यात शिरते, मधला कोंब आधी पिवळा पडतो मग तपकिरी होतो, ओढला की निघून येतो आणि बुडाशी घाण वास. आमचे काका पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, वर चढवून कुजलेला भाग कोयत्याने साफ करून घ्यायचे आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायला सांगायचे, आणि वरून सांगायचे की पाऊस लागणार नाही असं झाकून ये रे बाबा. त्या झाकून येण्याला ते औषधाइतकीच किंमत द्यायचे. थंडी नसताना नुसत्या ओलीने पामचा कोंब कुजू शकतो, मग ओल आणि थंडी दोन्ही एकत्र आल्यावर काय होत असेल.

आत काय होतं ते थोडक्यात. आंबा, गुलाब, सफरचंद यांची फांदी मेली तर बाजूने दुसरी फुटते, पामला ती सोय नाही. एका खोडाला वाढीचं टोक एकच, ते शेंड्यात पानांच्या बुडांमध्ये खोल लपलेलं असतं आणि पुढची सगळी पानं तिथूनच एकात एक दडून तयार होत असतात. ती आतली कोवळी पानं पांढरी, रसाळ, पाण्याने भरलेली. शेंड्यात पाणी साठलं आणि ते गोठलं की या कोवळ्या पेशी फुटतात. तेवढ्याने झाड मरत नाही. पण नंतर दोन दिवसांनी तापमान 6-7 वर येतं, फुटलेल्या पेशी म्हणजे बुरशीला आणि जंतूंना वाढलेलं ताट, आणि ते तिथून खाली वाढीच्या टोकाकडे सरकायला लागतात. वरची तयार पानं मात्र जाड आणि मेणचट असतात, ती हिरवीच राहतात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. आत गाभा संपला तरी बाहेरची पानं कित्येक महिने हिरवी राहू शकतात, तेव्हा "पानं हिरवी आहेत म्हणजे ठीक आहे" हा हिशोब पामला लावायचाच नाही.

तपासायचं कसं

फेब्रुवारीच्या शेवटापासून दर आठवड्याला मधला कोंब दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून बघा. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, दोन्ही हातांनी जोर लावून उपटला तर चांगलाही येईल. निरोगी कोंब अजिबात हलत नाही, घट्ट बसलेला असतो. सैल लागला, किंवा आत काहीतरी सुटल्यासारखं जाणवलं, तर कूज सुरू झालीय. निघून आला तर त्याचं खालचं टोक बघा आणि वास घ्या. टोक तपकिरी, बुळबुळीत आणि सडका आंबूस वास म्हणजे कूज ओली आहे, अजून पसरतेय, आजच काम करायचं. टोक तपकिरी पण कोरडं, फारसा वास नाही म्हणजे नुसता गोठून मेलेला कोंब आहे, खालचा भाग बरेचदा शाबूत असतो.

अजून एक सोपी युक्ती, ज्यांचं झाड संशयास्पद आहे पण कोंब घट्ट आहे त्यांच्यासाठी. परमनंट मार्करने कोंबावर आणि त्याला चिकटून असलेल्या शेजारच्या देठावर एकाच उंचीला आडवी रेघ मारून ठेवा. एप्रिल-मे मध्ये ऊब आली की कोंबावरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकायला लागली पाहिजे. सरकली तर आत जीव आहे, वाढ चालू आहे, मग पानाचा रंग कसाही असो घाबरू नका. मला ही खूण कुठल्याही फोटोपेक्षा भरवशाची वाटते, मी फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला आधी रेघ मारायलाच सांगते.

कोंब निघाल्यावर लगेच काय करायचं

पहिलं काम, सडलेलं सगळं बाहेर काढायचं. कोंबाच्या जागी जे भोक पडलंय त्यात लांब चिमट्याने किंवा जुन्या चमच्याच्या दांड्याने जेवढं मऊ, तपकिरी, सुटं आहे तेवढं काढा. शेजारची दोन-तीन कोवळी पानंही बुडाशी मऊ लागली तर तीही जाऊ द्यायची, जीव खालीवर होतो पण ठेवून फायदा नाही. पांढरं आणि कडक लागलं की तिथे थांबा, पुढे उकरू नका.

दुसरं, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, फार्मसीत मिळतं ते. थोडंसं भोकात ओता. कुजलेला भाग असेल तर फसफसून फेस येतो. तीन-चार दिवसांनी परत, फेस अगदी कमी होईपर्यंत. रोज रोज ओतत बसू नका, चांगल्या पेशींनाही ते लागतं, आणि दुसरं म्हणजे आपण वाळवायला बघतोय आणि रोज ओतलं तर तिथे परत ओलच. कोकणातली बोर्डो पेस्ट आठवून बरेच जण विचारतात, पण इथे ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी बोर्डो मिश्रण आता विकायला नाही, मोरचूद आणून घरी मिश्रण करायचा उद्योग इथे करू नका. ज्या देशात तांब्याचं बुरशीनाशक घरगुती वापरासाठी मिळतं तिथे लेबलवर लिहिलंय तेवढंच वापरा.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक करतच नाहीत, शेंड्यावर छप्पर. औषध घातलं आणि रात्री पाऊस पडला की सगळं पहिल्यासारखं. पाऊस अडेल पण वारा खेळेल असं काहीतरी वर पाहिजे. पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा चार बांबूंवर, थोडा उतार देऊन, झाडाच्या वर वीतभर अंतर सोडून. मेच्या मध्यापर्यंत राहू द्या. पाणी मुळाशी द्यायचं, डोक्यावरून पाइप मारायचा नाही.

खत आत्ता नाही. दुखणाऱ्या झाडाला लोक प्रेमाने खत घालतात आणि वाढ थांबलेल्या मुळांपाशी त्याचा नुसता खार साचतो. नवीन पान हलायला लागलं की मग. आणि हिरवी पानं छाटू नका, "नीट दिसत नाही" म्हणून तर मुळीच नाही, झाड त्या पानांच्या जिवावरच नवीन कोंब वर ढकलणार आहे.

मग थांबायचं. कुणाला मेमध्ये नवा कोंब दिसतो, कुणाला जुलैत. पहिली एक-दोन पानं विचित्र येतील, टोकं कापल्यासारखी, अर्धी तपकिरी, कधी नुसतीच देठं. त्याने खचू नका, ती पानं आत तयार होत असतानाच दुखावलेली होती, जसजशी वर सरकतात तसतसा जुना घाव दिसतो एवढंच. त्याच्या मागून चांगली येतात. ऑगस्ट संपेपर्यंत झाड काढायचं नाही हा माझा सगळ्यांना आग्रह आहे.

पण मग परत परत का होतं

कारण वरचं सगळं करून झाड वाचतं आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये ते त्याच खड्ड्यात, त्याच मातीत, त्याच गुंडाळण्यात परत जातं.

मुळापासून सुरुवात करू. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, आणि लंडनच्या बऱ्याच भागात खाली चिकणमाती आहे. नवीन वसाहतीतल्या घरांना तर वर नावापुरती चांगली माती, खाली बांधकामाच्या गाड्यांनी दाबून घट्ट झालेली चिकण. अशा मातीत आपण हौसेने मोठा खड्डा खणतो, त्यात पिशवीतलं मऊ भुसभुशीत कंपोस्ट भरतो, आणि झाड लावतो. उन्हाळ्यात मस्त वाटतं. हिवाळ्यात आजूबाजूच्या चिकणमातीतून पाणी वाहत येऊन त्या मऊ खड्ड्यात साठतं आणि बाहेर जायला वाट नसते, म्हणजे आपण झाडाला बादलीत उभं केलं. थंड पाण्यात बुडालेली मुळं गुदमरतात, काम थांबवतात, आणि अशक्त झालेल्या झाडाचा शेंडा पहिल्याच कडक रात्री हार मानतो. म्हणजे दुखणं डोक्यात दिसतंय पण सुरू झालंय पायात.

खात्री करायची असेल तर झाडापासून दोन-तीन फुटांवर हातभर खोल खड्डा करा, बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर तुमचं उत्तर मिळालं. जानेवारीत पावसानंतर केलं तर जास्त खरं कळतं.

यावर उपाय एकच आहे, झाड वर उचलायचं. लहान असेल, म्हणजे खोड कमरेएवढं किंवा कमी, तर मे-जूनमध्ये मुळांचा मोठा गड्डा ठेवून काढा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर ते दीड वीत उंच उंचवट्यावर लावा. उंचवट्याची माती तिथलीच, त्यात भरपूर जाड खडी मिसळलेली, नुसतं कंपोस्ट नको. उंचवटा रुंद असू द्या, अगदी टोकदार ढीग केलात तर उन्हाळ्यात मुळं कोरडी पडतील. आणि खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा, झाड डुलतं म्हणून खोडाभोवती माती चढवायची सवय असते बऱ्याच जणांना, ती मोडा, हवं तर आधाराला खुंट ठोका पण खोड गाडू नका. मोठं झाड हलवणं शक्य नसेल तर बाजूने चर खणून पाण्याला उताराकडे वाट काढून द्या, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

मे-जून का म्हणते, तर पामची मुळं गरम जमिनीतच वाढतात. इथले लोक झाडं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात, गुलाबाला, सफरचंदाला ते बरोबर आहे, त्यात सेलही त्याच वेळी लागतात, पण सप्टेंबरनंतर लावलेला पाम पूर्ण हिवाळा मुळं न धरता नुसता उभा असतो. पहिल्याच वर्षी कोंब गेलेल्या कितीतरी झाडांची तारीख विचारली की ऑक्टोबरच निघते. खताचंही तसंच, एप्रिल ते जुलै भरपूर खाऊ द्या, ऑगस्टनंतर नायट्रोजनचं खत बंद, नाहीतर अगदी थंडीच्या तोंडावर कोवळी लुसलुशीत वाढ येते आणि तीच आधी जाते.

आता गुंडाळण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथे बघते. नोव्हेंबर लागला की झाडाला बबल रॅप, वर काळी पिशवी, सेलोटेप, आणि मार्चपर्यंत कुणी उघडून बघत नाही. लेकराला गुंडाळावं तसं गुंडाळतात, भावना समजते मला. पण आत काय होतं, दिवसा थोडं ऊन पडलं की आत वाफ धरते, रात्री तीच थंड होऊन शेंड्यात टपकते, हवा हलत नाही, चार महिने दमट अंधार. बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. ज्यांनी काहीच गुंडाळलं नाही अशा शेजाऱ्याचा पाम धडधाकट आणि आपण एवढं जपलेला कुजला, असं बऱ्याच घरांत झालंय, आणि त्याचं कारण हे.

त्याऐवजी असं करा. नोव्हेंबरमध्ये मी पानं वर उचलून सुतळीने सैल मोळी बांधते, घट्ट नाही, म्हणजे मधला कोंब पानांच्या आत राहतो आणि वाऱ्याने पानंही फाटत नाहीत. वर पावसाचं छप्पर, बाजू मोकळ्या. बुंध्याभोवती झाडाच्या सालीचा किंवा पेंढ्याचा चांगला जाड थर, पण खोडाला न चिकटवता. बस, नेहमीच्या हिवाळ्याला एवढंच, उणे 5-6 च्या रात्रींना रुजलेल्या झाडाला याहून काही लागत नाही. अंदाजात उणे 8 च्या खाली किंवा दिवसभर शून्याच्या वर न येणारे तीन-चार दिवस सलग दिसले, तरच मोळीभोवती हॉर्टिकल्चरल फ्लीसचे, म्हणजे झाडं झाकायच्या हलक्या कापडाचे, दोन-तीन वेढे, शेंड्यात कोरडा पेंढा, आणि थंडी ओसरली की त्याच दिवशी फ्लीस काढायचा आणि ओला झालेला पेंढा फेकून द्यायचा. अशी वेळ दर वर्षी येत नाही. 2010 चा डिसेंबर तसा होता, 1890 नंतरचा इंग्लंडमधला सगळ्यात थंड डिसेंबर, आणि 2022 च्या डिसेंबरातही आठवड्याच्या वर थंडी ठाण मांडून होती. अशा वेळी काही जण फ्लीसच्या आत दिव्यांची माळ सोडतात, चांगली कल्पना आहे, पण जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब पाहिजेत, एलईडीच्या माळेला ऊब नसते, ती नुसती दिसायला छान.

कुंडीतल्या झाडाचं वेगळं आहे, तिथे मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते. जमिनीतला पाम सोसेल ती थंडी कुंडीतल्याला सोसवत नाही, कडाक्याच्या दिवसांत गॅरेजमध्ये घ्या, आणि कुंडीखाली विटा ठेवा म्हणजे भोकं बुजणार नाहीत, बशी तर हिवाळ्यात काढूनच टाका.

झाड तेच आहे ना, हेही एकदा बघा

कधी कधी सगळं बरोबर करूनही कोंब जातो कारण झाडच दुसरं असतं. गार्डन सेंटरमध्ये "हार्डी पाम" या एका पाटीखाली काहीही उभं असतं. पिसासारखी लांब पानं आणि बुडाशी लांब टोकदार काटे असतील तर तो कॅनरी आयलंडचा खजूर, फिनिक्स कॅनारिएन्सिस, लंडनच्या आत आडोशाला जगतो, मिडलंड्समध्ये उघड्यावर त्याचा कोंब दर वर्षीच जाणार, तिथे माती बदलून उपयोग नाही. पंख्याचीच पानं पण देठाला करवतीसारखे जाड काटे आणि पानांना पांढरे दोरे लोंबत असतील तर ती वॉशिंग्टोनिया, तिचंही तेच. बुडापासून अनेक खोडं फुटलेला ठेंगणा काटेरी पंखा म्हणजे कॅमेरॉप्स ह्युमिलिस, युरोपचा स्वतःचा पाम, तो बराच दणकट आणि एक कोंब गेला तरी बाजूचे फुटवे राहतात. आणि इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रकाठी टॉर्कीकडे सगळीकडे दिसतो तो कॉर्डिलाइन, त्याला लोक पाम म्हणतात पण तो न्यूझीलंडचा, पामच्या कुळातला नाहीच, थंडीने वरून मेला तरी बरेचदा बुडातून फुटतो, तेव्हा शेजाऱ्याचा कॉर्डिलाइन परत फुटला म्हणून आपला विंडमिल पामही खालून फुटेल अशी वाट बघू नका.

नवीन घ्यायचा असेल आणि जागा वाऱ्याची असेल तर ट्रॅकिकार्पसचाच वॅग्नेरियानस प्रकार मिळतो, पानं लहान आणि ताठ, वाऱ्याने फाटत नाहीत. हळू वाढतो पण मला तो जास्त आवडतो. अमेरिकेत न्यू जर्सीकडच्या कडक थंडीतल्या मंडळींनी मात्र विंडमिलच्या मागे न लागता नीडल पाम बघावा, रापिडोफिलम हिस्ट्रिक्स, तिकडच्या आग्नेय राज्यांतला, उंच होत नाही पण थंडी सोसण्यात पाम मंडळींत त्याचा हात धरणारा नाही. सिअॅटल-पोर्टलंडवाल्यांना विंडमिल बिनधास्त चालतो, त्यांचा हिवाळा आमच्यासारखाच ओला, तेव्हा छप्पर आणि उंचवटा तुम्हालाही लागू.

जे कूज नाही ते

पानांची टोकं पिवळी तपकिरी होणं, खालची जुनी पानं वाळून लोंबणं, वाऱ्याने पानं चिरणं, यातलं काहीच कोंब कुजणं नाही, कोंब घट्ट असेल तर निवांत राहा. हिवाळ्यात पूर्ण झाड फिकट पिवळसर पडतं ते बहुधा थंड ओल्या मातीत मुळांना अन्न उचलता येत नाही म्हणून, जमीन तापली की हिरवं होतं, नाही झालं तर मग मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं पामचं खत.

एक गोष्ट मात्र दुर्लक्ष करू नका. नवीन उघडलेल्या पानावर एका ओळीत सारख्या अंतराने भोकं दिसली तर नीट बघा. माडावर गेंडा भुंगा लागला की झावळी उघडल्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात ना, तोच प्रकार, पान आत घडी घातलेलं असतानाच कुणीतरी आरपार खाल्लंय. युरोपात हे काम करते पेसँडिसिया आर्कॉन नावाच्या मोठ्या पतंगाची अळी, दक्षिण अमेरिकेतून आयात झाडांबरोबर आली, स्पेन, फ्रान्स, इटलीत तिने खूप पाम खाल्लेत आणि विंडमिल पाम तिचा आवडता. भोकांबरोबर खोडाच्या काथ्यातून भुसा पडत असेल तर पेरॉक्साइड ओतून काही होणार नाही. ब्रिटनमध्ये या किडीची सरकारी वनस्पती आरोग्य विभागाला खबर द्यायची असते, झाड कापून कचऱ्यात टाकायची घाई करू नका, फोटो काढा आणि कळवा. भूमध्य समुद्राकाठी राहणाऱ्यांना याशिवाय लाल सोंड्या भुंगाही आहे, आपल्या कोकणातला तोच, तिकडे त्याने कॅनरी खजुरांचे बाग उजाड केलेत.

स्वित्झर्लंडमध्ये कुणी असेल तर तुमच्याकडे प्रश्न उलटा आहे, टिचिनो भागात विंडमिल पाम जंगलात इतका पसरलाय की 1 सप्टेंबर 2024 पासून त्याची विक्रीच बंद केलीय. परसात असलेलाच वाचवताय तर निदान फुलोरे कापत जा, बिया पक्षी घेऊन जातात.

ऑगस्ट संपला आणि तरी काहीच हललं नाही तर

मार्करची रेघ जागच्या जागी, भोकात परत परत मऊ लागतंय, आणि हिरवी पानंही एकेक करून बुडाशी सैल होतायत, असं असेल तर शेवटचा एक उपाय उरतो, खोड वरून कापणं. ऐकायला भयंकर वाटतं, आणि कोंब गेल्या गेल्या हे करायचं नाही, कारण कापताना चांगलं वाढीचं टोकच उडवाल. पण नाहीतरी झाड काढायचंच ठरलंय तेव्हा करून बघण्यात काही जात नाही. कोरड्या, उबदार दिवशी धारदार करवतीने शेंड्याकडून दोन-दोन बोटांच्या चकत्या कापत खाली या. कुजलेला भाग तपकिरी, पाणचट दिसेल. कापलेल्या पृष्ठभागावर मधोमध पांढरं, घट्ट, पानांची एकात एक गोल वळणं दिसायला लागली की तिथेच थांबा, वाढीचं टोक त्याच्या खाली आहे. वर थोडं पेरॉक्साइड, आणि पाऊस लागणार नाही असं छप्पर. आत जीव असेल तर आठवड्याभरात, उबदार दिवस असतील तर त्याच्याही आधी, मधली पांढरी वळणं बाजूच्या कापापेक्षा वर उचललेली दिसतात, बोट फिरवलं की लागतं. आणि वळणं न दिसता सगळं तंतूमय, नुसतं खोडच दिसायला लागलं तर टोक वरतीच संपलं होतं, मग ते झाड काढा, खड्डा तसाच ठेवून आधी पाण्याची परीक्षा करा, आणि नवीन रोप त्या जागी लावायचंच असेल तर ते मे महिन्यात, उंचवट्यावर.